मोटारसायकल कलंडणे

मोटारसायकल कलंडणे म्हणजे उभी असलेली अथवा अतिशय कमी वेगाने चाललेली मोटारसायकल तोल जाऊन एका बाजूस आडवी पडणे होय. बोलीभाषेत यास 'गाडी आडवी होणे' किंवा 'गाडी पडणे' असेही म्हणतात. अशा घटनेत दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेली नसते आणि वेगही सहसा चालत्या माणसाच्या वेगाहून फार अधिक नसतो. त्यामुळे तिची गणना अपघातांत क्वचितच होते. तरीही लिव्हर, आरसे, इंडिकेटर व इंजिनाची आवरणे यांचे नुकसान, चालकाच्या पायाला व मनगटाला होणाऱ्या इजा आणि वरून न दिसणारे यांत्रिक दोष यांमुळे या विषयाला वाहनरचना, चालक-प्रशिक्षण व विमा या तिन्ही क्षेत्रांत महत्त्व आहे. मोटारसायकलचा टिकाऊपणा केवळ इंजिनाच्या आयुष्यावर अवलंबून नसतो. अशा किरकोळ पडझडीनंतर ती सुरक्षितपणे पुन्हा चालवता येते किंवा नाही, हाही टिकाऊपणाचा एक महत्त्वाचा निकष आहे.

स्वरूप

कमी वेगातील पडझडीचे साधारणपणे तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात गाडी स्टँडवर उभी असताना पडते. दुसऱ्या प्रकारात चालक गाडीवर बसलेला असतो. परंतु गाडी थांबलेली असते किंवा थांबण्याच्या बेतात असते. तिसऱ्या प्रकारात गाडी वळवताना, रहदारीतून हळूहळू पुढे सरकताना किंवा चढावर निघताना तोल जातो. ओल्या रस्त्यावर वा सुट्या खडीवर वेगात असताना गाडी घसरणे हा यांहून वेगळा प्रकार आहे. घसरताना गाडी जमिनीवरून दूरवर फरफटत जाते आणि तिचे भाग झिजतात. कलंडताना मात्र ती जवळजवळ जागच्या जागी आडवी होते व तिचा भार एका बाजूच्या दोन-तीन बिंदूंवर आदळतो.

भौतिकी

तोल आणि वेग

दुचाकी वाहन पुरेशा वेगात असताना बऱ्याच अंशी स्वतःचा तोल स्वतः सावरते. गाडी एका बाजूला झुकू लागली की पुढचे चाक त्याच बाजूला वळते, चाकांचा जमिनीवरील आधार पुन्हा गुरुत्वमध्याच्या खाली येतो आणि गाडी सरळ होते. चाकांचा घूर्णी परिणाम, हँडलच्या अक्षाची तिरकी मांडणी आणि पुढील भागातील वस्तुमानाची विभागणी हे सर्व घटक यास हातभार लावतात. फिरत्या चाकांच्या घूर्णी परिणामाशिवायही दुचाकी स्वयंस्थिर राहू शकते, असे २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या सायकलविषयक संशोधनात प्रयोगाने दाखवून देण्यात आले.

वेग कमी होत गेला की ही क्षमता घटते. चालण्याच्या वेगापर्यंत खाली आल्यावर तोल सांभाळण्याचे काम जवळजवळ पूर्णपणे चालकावर येते. हँडलच्या लहान हालचाली, शरीराचा कल, क्लच व मागील ब्रेक यांचा मेळ साधून तो गाडी उभी ठेवतो. गाडी पूर्ण थांबली की केवळ पायांचाच आधार उरतो.

झुकाव आणि लागणारे बल

गाडी किंचित झुकलेली असताना तिला सावरण्यास फारसे बल लागत नाही. मात्र झुकाव वाढत जातो तसे हे बल झपाट्याने वाढते. उदाहरणादाखल सुमारे १९५ किलोग्रॅम वजनाची आणि जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली मोटारसायकल घेता येईल. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ही साधारण याच वजनाची गाडी आहे. जमिनीपासून १ मीटर अंतरावर हँडल धरून ही गाडी तोलून ठेवायची असल्यास ५ अंशांच्या झुकावास सुमारे ८.५ किलोग्रॅम भाराइतके बल पुरते. १० अंशांना सुमारे १७ किलोग्रॅम, ३० अंशांना सुमारे ४९ किलोग्रॅम आणि ४५ अंशांना सुमारे ६९ किलोग्रॅम भाराइतके बल लागते.

एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेलेली गाडी चालक सावरू का शकत नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. तोपर्यंत चालकाचा एक पाय जमिनीवर व दुसरा गाडीवर असतो, शरीर वाकलेले असते आणि पकड एकाच हाताची असते. त्यामुळे प्रत्यक्षात ही मर्यादा बऱ्याच लहान कोनातच ओलांडली जाते. पेट्रोलची भरलेली टाकी, मागे बसलेली व्यक्ती किंवा उंचावर बांधलेले सामान यांमुळे गुरुत्वमध्य वर सरकतो व ही मर्यादा आणखी कमी होते.

आदळण्याची ऊर्जा

वरील गाडी आडवी पडताना तिचा गुरुत्वमध्य सुमारे पाव मीटर खाली आला असे धरल्यास साधारण ४८० ज्यूल ऊर्जा मुक्त होते. ही ऊर्जा तीच गाडी ताशी सुमारे ८ किलोमीटर वेगाने जात असतानाच्या गतिज ऊर्जेइतकी आहे. ताशी ४० किलोमीटर वेगातील गतिज ऊर्जा याच्या सुमारे २५ पट भरते. म्हणजेच कलंडण्यातील एकूण ऊर्जा तुलनेने अल्प असते. तरीही नुकसान होते, कारण ही ऊर्जा विस्तृत पृष्ठभागावर पसरत नाही. लिव्हरचे टोक, फुटरेस्ट, इंजिनाच्या आवरणाचा फुगीर भाग अशा मोजक्या ठिकाणी ती एकवटते.

कारणे

कमी वेगातील पडझडीमागे पुढील कारणे प्रामुख्याने आढळतात :

स्टँडसंबंधी : साइड स्टँड पूर्ण न उघडणे, तापलेले डांबर, माती वा वाळू यांत स्टँडचे टोक रुतणे, उतारावर गिअर न टाकता गाडी उभी केल्याने ती पुढे सरकून स्टँड मिटणे. पावसाळ्यात मातीच्या जागेवर सायंकाळी उभी केलेली गाडी सकाळी आडवी झालेली आढळते, ती बहुधा स्टँड रुतल्यामुळे.

पायाचा आधार न मिळणे : थांबताना पाय खड्ड्यात, रस्त्याच्या खचलेल्या कडेवर, तेलकट फरशीवर किंवा सुट्या खडीवर पडणे. आसनाची उंची चालकाच्या उंचीच्या मानाने अधिक असल्यास हा धोका वाढतो.

हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबणे : वळणाच्या वेळी गाडी आधीच आतल्या बाजूला झुकलेली असते. अशा वेळी पुढचे चाक एकाएकी थांबल्यास तिला सावरणारी गती नाहीशी होते आणि ती वळणाच्या आतील बाजूस कोसळते. अँटी-लॉक ब्रेक प्रणाली येथे फारशी उपयोगी पडत नाही. ती चाक जाम होण्यास प्रतिबंध करते. मात्र अगदी कमी वेगात तिचे कार्य थांबते, शिवाय थांबलेल्या गाडीचा तोल राखणे हे तिचे कामही नव्हे.

इंजिन बंद पडणे : क्लच लवकर सोडल्यामुळे वळणात किंवा चढावर इंजिन बंद पडले की गाडी अनपेक्षितपणे थांबते.

ढकलताना तोल जाणे : इंजिन बंद ठेवून गाडी हाताने मागे-पुढे करताना ती चालकापासून दूरच्या बाजूला झुकल्यास तिला ओढून धरणे कठीण जाते.

विसर : डिस्कचे कुलूप न काढता गाडी पुढे घेणे, अथवा साइड स्टँड वर न करता निघणे. दुसऱ्या प्रकारात डावीकडील वळणावर स्टँड जमिनीला टेकून मागचे चाक उचलले जाण्याचा संभव असतो. त्यामुळे अनेक गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकल्यास इंजिन बंद पडण्याची सोय केलेली असते.

होणारे नुकसान

बाह्य नुकसान

कलंडल्यानंतर प्रथम जमिनीस लागणारे भाग म्हणजे हँडलचे टोक, लिव्हर, आरसा, इंडिकेटर आणि फुटरेस्ट. डावीकडे पडल्यास क्लचचा लिव्हर व गिअरचा दांडा, तर उजवीकडे पडल्यास पुढच्या ब्रेकचा लिव्हर, मागच्या ब्रेकचे पेडल व बहुतेक गाड्यांत सायलेन्सर यांना मार बसतो. जुन्या बुलेट गाड्यांत गिअर उजवीकडे व ब्रेक डावीकडे असल्याने तेथे हा क्रम उलट होतो. हँडल पूर्ण वळून टाकीवर आदळल्यास टाकीला पोचा पडतो.

फेअरिंग, म्हणजे वाऱ्यापासून बचाव करणारे प्लास्टिकचे आवरण, असलेल्या गाड्यांत दुरुस्तीचा खर्च सर्वाधिक याच आवरणावर होतो. कठीण प्लास्टिकचे आवरण तडकते व ते अडकवण्याचे कान तुटतात. कान तुटल्यास बाहेरून अखंड दिसणारे आवरणही नीट बसत नाही.

यांत्रिक नुकसान

बाह्य ओरखड्यांपेक्षा पुढील दोष अधिक गंभीर मानले जातात :

इंजिनाची आवरणे : इंजिनाच्या दोन्ही बाजूंस ॲल्युमिनियमची ओतीव आवरणे असतात. बहुतांश भारतीय गाड्यांत उजवीकडील आवरणाखाली क्लच, तर डावीकडील आवरणाखाली मॅग्नेटो असतो. टोकदार दगडावर पडल्यास आवरणास चीर जाऊन तेल गळू लागते. हे तेल मागील टायरवर आल्यास पुढील प्रवास धोकादायक ठरतो.

गिअरचा दांडा व ब्रेकचे पेडल : हे भाग आतल्या बाजूस वाकून इंजिनास टेकतात. ब्रेकचे पेडल अडकून राहिल्यास ब्रेक सतत लागलेला राहतो किंवा पुरेसा लागत नाही. गिअरच्या दांड्याबरोबर त्याचा आतील शाफ्ट वाकल्यास गिअर बदलणे अवघड होते.

पुढील फोर्क : पुढच्या चाकास बाजूने धक्का बसल्याने फोर्कच्या नळ्या त्यांना धरणाऱ्या पकडीत किंचित फिरतात. परिणामी गाडी सरळ चालत असतानाही हँडल तिरके दिसते. नळ्या वाकलेल्या नसतील, तर पकडीचे बोल्ट सैल करून, चाक व हँडल एका रेषेत आणून ते पुन्हा ठरावीक घट्टपणाने आवळल्यास दोष दूर होतो.

हँडलची मर्यादा ठरवणारे थांबे : चौकटीवरील हे लहान उंचवटे मोडल्यास हँडल प्रमाणाबाहेर वळू लागते व वायरी आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात.

रेडिएटर : द्रवशीतित गाड्यांत रेडिएटरच्या पातळ पट्ट्या व नळ्या सहज दबतात. शीतक गळत असल्याचे लक्षात न आल्यास इंजिन अतितप्त होते.

साडीगार्ड : भारतात मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार आवश्यक आहे. डाव्या बाजूस पडल्यावर ही जाळी आत दबून चाकास किंवा साखळीस घासू शकते.

द्रवपदार्थांची गळती

आडव्या पडलेल्या गाडीतील पेट्रोल टाकीच्या झाकणातून किंवा हवेच्या नळीतून गळू शकते. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांत तरंगकोठीतील पेट्रोल बाहेर येते अथवा इंजिनात शिरून प्लग ओला करते. त्यामुळे उचलल्यानंतर गाडी लगेच सुरू होत नाही. गाडी बराच वेळ आडवी राहिल्यास इंजिनाचे तेल हवेच्या डबीत किंवा सिलिंडरमध्ये उतरू शकते. द्रव दाबला जात नसल्याने अशा स्थितीत इंजिन जबरदस्तीने फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो. हा प्रकार विरळ असला, तरी गाडी उभी केल्यावर काही मिनिटे थांबण्याचा सल्ला याच कारणासाठी दिला जातो. सुटे आम्ल असलेल्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीतून आम्ल सांडून रंग व धातू खराब होतात. बंदिस्त बॅटरीत ही अडचण क्वचितच येते.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ उत्सर्जन मानके लागू झाल्यानंतर बहुतेक मोटारसायकलींत इंधन अंतःक्षेपण प्रणाली आली. अशा अनेक गाड्यांत झुकाव ओळखणारा सेन्सर असतो. गाडी ठरावीक कोनापलीकडे झुकली की तो इंधनपुरवठा व ठिणगी बंद करतो. गाडी उभी केल्यानंतर चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय अशा गाड्या बहुधा सुरू होत नाहीत. यास बिघाड समजण्याची चूक अनेकदा होते.

चालकास होणाऱ्या इजा

कलंडणाऱ्या गाडीखाली पाय अडकणे ही यातील सर्वांत नेहमीची इजा होय. घोटा मुरगळणे, पायाचे हाड मोडणे आणि तापलेल्या सायलेन्सरमुळे पोटरी भाजणे असे प्रकार यात घडतात. जमिनीवर हात टेकवून स्वतःला सावरण्याच्या सहज प्रतिक्रियेमुळे मनगटाचे हाडही मोडू शकते. गाडी मर्यादेपलीकडे झुकल्यानंतर तिला धरून ठेवण्याच्या प्रयत्नात कंबर व खांद्याचे स्नायू दुखावतात. त्यामुळे सावरणे अशक्य झाल्याचे जाणवताच हँडल सोडून गाडीपासून बाजूला होणे अधिक सुरक्षित समजले जाते.

वेग नगण्य असला, तरी डोक्यास धोका असतोच. दीड मीटर उंचीवरून मुक्तपणे खाली येणारे डोके जमिनीवर ताशी सुमारे १९ ते २० किलोमीटर वेगाने आदळते. थांबलेल्या गाडीवरून पडतानाही हेच घडू शकते. भारतात दुचाकीस्वारांसाठीच्या हेल्मेटला आयएस ४१५१ हे भारतीय मानक लागू आहे. घराजवळच्या लहान फेरीसाठी किंवा आवारात गाडी वळवतानाही हेल्मेट वापरण्याचे समर्थन याच आधारावर केले जाते.

रचनेतील उपाय

त्यागी भाग

गाडी पडणारच, हे गृहीत धरून काही भाग मुद्दाम कमकुवत किंवा लवचीक ठेवले जातात. लिव्हरच्या टोकाजवळ खाच ठेवल्यास तो मुळाशी न मोडता टोकाकडे मोडतो आणि उरलेल्या भागाने गाडी घरापर्यंत नेता येते. लिव्हरचे टोक गोलाकार ठेवण्यामागे त्याने चालकास भोसकले जाऊ नये हा हेतू असतो. इंडिकेटर रबराच्या दांडीवर बसवले जातात, फुटरेस्ट बिजागरीवर वर दुमडतात, तर आरशाचा दांडा धक्क्याने फिरतो. हँडलच्या टोकांची वजने मुख्यतः कंपन कमी करण्यासाठी असली, तरी पडताना पहिला मार तीच झेलतात.

कच्च्या रस्त्यांवरील मोटारसायकलींत ही विचारसरणी सर्वाधिक स्पष्ट दिसते. डोंगराळ वा वाळवंटी मार्गावर पडणे हा त्या वापराचाच भाग असल्याने त्यांची आवरणे लवचीक प्लास्टिकची, चाके तारांची आणि गिअरच्या दांड्याचे टोक दुमडणारे असते. हाताभोवती बसवलेल्या संरक्षक पट्ट्या लिव्हरचे रक्षण करतात.

क्रॅशगार्ड व लेगगार्ड

इंजिनाच्या पुढे दोन्ही बाजूंस बसवलेल्या पोलादी नळ्यांना क्रॅशगार्ड किंवा लेगगार्ड म्हणतात. गाडी पूर्ण आडवी होण्यापूर्वीच ती या नळ्यांवर टेकते. त्यामुळे इंजिन व टाकी जमिनीपासून दूर राहतात आणि गाडीखाली पायाला थोडी जागा मिळते. गाडी पूर्ण आडवी होत नसल्याने ती उचलणेही सोपे जाते.

मात्र गार्ड बसवला की नुकसान टळतेच असे नाही. गार्डवर आलेला धक्का त्याच्या जोडणीतून चौकटीत किंवा इंजिनाच्या बोल्टांत उतरतो. जोडणी एकाच बिंदूवर असल्यास किंवा गार्ड त्या गाडीसाठी बनवलेला नसल्यास तो स्वतः वाचतो आणि चौकटीचा कान वाकतो किंवा इंजिनाच्या आवरणास चीर जाते. अशा वेळी स्वस्त भाग वाचून महाग भाग खराब होतो. स्पोर्ट्स गाड्यांवर बसवल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या गोल ठोकळ्यांनाही हीच मर्यादा लागू होते. चांगल्या गार्डमध्ये भार दोन किंवा अधिक ठिकाणी विभागला जातो आणि गार्ड चौकटीच्या आधी वाकतो.

इंजिनाची मांडणी

एकमेकांच्या विरुद्ध बाजूंस आडवे पसरलेले दोन सिलिंडर असलेली इंजिने बीएमडब्ल्यू कंपनी १९२३ मधील आर ३२ या गाडीपासून वापरत आली आहे. अशा गाडीत सिलिंडरच प्रथम जमिनीस टेकतात. त्यामुळे चालकाच्या पायाला संरक्षण मिळते. परंतु सिलिंडरच्या टोकावरील झाकणांना मार बसतो. म्हणून या झाकणांसाठी वेगळी संरक्षक कवचे वापरली जातात. उभ्या किंवा पुढे कललेल्या एका सिलिंडरच्या अरुंद इंजिनात हा प्रश्न उद्भवत नाही.

होंडा कंपनीने १९५८ मध्ये बाजारात आणलेली सुपर कब ही लहान दुचाकी टिकाऊपणाचे उदाहरण म्हणून दाखवली जाते. कमी वजन, साधे इंजिन, पायांपुढील प्लास्टिकचे कवच आणि हाताने चालवाव्या लागणाऱ्या क्लचचा अभाव यांमुळे तिच्या पडझडीत मोडण्यासारखे फारसे काही उरत नाही. २०१७ पर्यंत या मालिकेतील १० कोटी गाड्यांचे उत्पादन झाले.

भारतात १९७२ पासून तयार झालेल्या बजाज चेतक स्कूटरचे शरीर पोलादी पत्र्याचे होते व इंजिन मागील चाकाच्या उजव्या बाजूस असल्याने तिचा भार उजवीकडे अधिक असे. पडल्यावर पत्र्याला पोचा येई. पण तो ठोकून व रंगवून पूर्ववत करता येई. नंतरच्या काळात प्लास्टिकचा वापर वाढल्याने गाड्या हलक्या व गंजमुक्त झाल्या. त्याचबरोबर पोचा काढण्याऐवजी संपूर्ण भाग बदलण्याची पद्धत रूढ झाली. दुरुस्तीयोग्यता आणि वजन यांतील हा विरोध आजच्या वाहनरचनेतही कायम आहे.

पडलेली गाडी उचलणे

उचलण्यापूर्वी इंजिन बंद असल्याची खात्री करणे, पेट्रोल गळत असल्यास आगीपासून दूर राहणे आणि रहदारीच्या रस्त्यावर इतर वाहनांना सावध करणे आवश्यक असते. गाडी उजवीकडे पडली असल्यास साइड स्टँड आधीच उघडून ठेवतात, जेणेकरून उभी झालेली गाडी डावीकडे झुकून त्यावर टेकेल. डावीकडे पडलेल्या गाडीचा स्टँड खाली दबलेला असल्याने तो आधी उघडता येत नाही. अशी गाडी उभी करताना ती जोरात पलीकडे जाऊन उजवीकडे पडण्याचा संभव असतो. शक्य असल्यास गाडी गिअरमध्ये ठेवतात, म्हणजे ती सरकत नाही.

जड गाडीसाठी पाठमोरे उभे राहून उचलण्याची पद्धत सर्वत्र शिकवली जाते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून चालक गाडीकडे पाठ करतो आणि आसनाच्या कडेला कंबरेखालचा भाग टेकवून खाली बसतो. एका हाताने हँडलची खालची मूठ व दुसऱ्या हाताने मागील चौकटीचा भक्कम भाग धरून तो पाठ सरळ ठेवतो व लहान पावले मागे टाकत पायांच्या जोरावर गाडी उभी करतो. यात कंबरेऐवजी मांड्यांचे मोठे स्नायू वापरले जात असल्याने स्वतःच्या वजनाच्या तिप्पट जड गाडीही एका व्यक्तीस उचलता येऊ शकते. सुरुवातीस सर्वाधिक बल लागते व झुकाव कमी होत जातो तसे ते घटते. गरोदरपणा, पाठीचा विकार किंवा नुकतीच झालेली इजा अशा स्थितीत मदत घेणेच इष्ट ठरते.

पडल्यानंतरची तपासणी

गाडी सुरू झाली म्हणजे ती सुरक्षित आहे, असे मानता येत नाही. पुढे निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहणे, हँडल दोन्ही टोकांपर्यंत अडथळ्याविना फिरते की नाही हे तपासणे, ॲक्सिलरेटरची मूठ सोडल्यावर ती आपोआप मागे येते याची खात्री करणे आणि गाडीखाली तेल, पेट्रोल वा शीतक गळत नाही हे पाहणे या किमान बाबी होत. हँडलचे टोक आत दबल्यास मूठ अडकून राहते व गाडी अनियंत्रितपणे वेग घेते. म्हणून यांपैकी ॲक्सिलरेटरची तपासणी विशेष महत्त्वाची आहे.

वाकलेला ॲल्युमिनियमचा लिव्हर हाताने सरळ करणे धोक्याचे असते. ओतीव ॲल्युमिनियम थंड स्थितीत पुन्हा वाकवल्यास त्यात सूक्ष्म चिरा पडतात आणि तो पुढे जोरात ब्रेक लावण्याच्या प्रसंगी मोडू शकतो. पोलादी पेडल वा दांडा मात्र काळजीपूर्वक सरळ करता येतो. गाडी एका बाजूला ओढत असल्यास, टायर असमान झिजत असल्यास किंवा डिस्क घासत असल्यास फोर्क व चौकटीची रेषा तपासून घ्यावी लागते.

विमा आणि दुरुस्ती

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीचे नुकसान या विम्यात समाविष्ट नसते. त्यासाठी स्वतंत्र अथवा सर्वसमावेशक विमा घ्यावा लागतो. असा विमा असला, तरी सुट्या भागांच्या किमतीतून घसारा वजा होतो. प्लास्टिक, रबर व नायलॉनचे भाग, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांवर ५० टक्के व फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा धरण्याची पद्धत आहे. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयानुसार वाढतो. कलंडण्यात मुख्यतः प्लास्टिकचेच भाग तुटत असल्याने खर्चाचा मोठा वाटा मालकालाच सोसावा लागतो. घसारा वगळणारे वाढीव संरक्षण जादा हप्ता भरून घेता येते.

दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन सलग पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका दाव्याने ती संपुष्टात येत असल्यामुळे किरकोळ पडझडीचा खर्च अनेक मालक स्वतःच करतात. परिणामी अशा घटनांची नोंद फारशी होत नाही आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्यास तिचा पूर्वेतिहास कागदपत्रांवरून कळत नाही. लिव्हरचे घासलेले टोक, हँडलच्या टोकावरील ओरखडे, एकाच बाजूचा नवा आरसा किंवा इंडिकेटर आणि फुटरेस्टची झिजलेली कड या खुणांवरून गाडी पूर्वी पडली असल्याचा अंदाज बांधता येतो.

प्रशिक्षण

कमी वेगात गाडी सांभाळणे हे वेगाने चालवण्यापेक्षा अवघड कौशल्य मानले जाते. क्लच अर्धवट दाबून शक्ती नियंत्रित करणे, पुढच्या ब्रेकऐवजी मागचा ब्रेक हलकेच वापरणे आणि नजर चाकापुढील जमिनीवर न ठेवता जायच्या दिशेने ठेवणे ही त्याची मुख्य तत्त्वे आहेत.

भारतात दुचाकी परवान्याच्या चाचणीत अनेक ठिकाणी इंग्रजी आठच्या आकारात पाय न टेकता गाडी चालवून दाखवावी लागते. जपानमध्ये आडवी पडलेली मोटारसायकल उचलून उभी करणे हा प्रशिक्षणातील प्राथमिक धडा असतो. तेथील परीक्षेत १५ मीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद पट्टीवरून मुद्दाम हळू जावे लागते. त्यासाठी सर्वसाधारण मोटारसायकलला किमान ७ सेकंद व मोठ्या मोटारसायकलला किमान १० सेकंद लागणे अपेक्षित असते. ब्रिटनमधील प्रात्यक्षिक परीक्षेच्या पहिल्या भागात इंजिन बंद ठेवून गाडी हाताने एका जागेवरून दुसरीकडे नेणे, संथ गतीने चालवणे आणि उलट दिशेला वळणे यांचा समावेश आहे.

चालकाची उंची व बळ यांच्या मानाने योग्य वजनाची आणि योग्य आसन-उंचीची गाडी निवडणे हा प्रतिबंधाचा सर्वांत साधा मार्ग होय. सुमारे ११० किलोग्रॅम वजनाची १०० सीसीची गाडी आणि तिच्या दुपटीहून जड अशी प्रवासी मोटारसायकल यांना सावरण्यासाठी लागणाऱ्या बळात मोठा फरक असतो. आसनाची उंची कमी करून घेणे, जाड तळव्यांचे बूट वापरणे आणि सामान शक्य तितके खाली बांधणे यांमुळे हा फरक काही अंशी भरून काढता येतो.

हेही पहा

मोटारसायकल
स्कूटर
हेल्मेट
गुरुत्वमध्य
अँटी-लॉक ब्रेक प्रणाली
वाहन विमा